बालविज्ञान जत्रा : ४५० मुलं, २४ स्वयंसेवक. प्रयोग किती आणि कोणते ठेवावेत?

मांडवपरवाना (प्रश्न)

२८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाला धरून पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांसाठी विज्ञान जत्रा ठरते आहे. आसपासच्या सात शाळांची चौथी ते आठवीची साधारण ४५० मुलं येतील. जागा म्हणजे शाळेचं मैदान, ओळीने पाच वर्गखोल्या आणि एक मांडव. स्वयंसेवक २४. त्यातली बरीचशी कॉलेजची मुलंमुली आहेत, उत्साह भरपूर, सराव शून्य.

सध्याच्या यादीत चौदा प्रयोग आहेत : सोडा-व्हिनेगरचा ज्वालामुखी, सेफ्टी पिनची मोटर, फुग्याची स्थिर वीज, हळदीचं लिटमस, जास्वंदीचं लिटमस, आरशाने सूर्याची प्रतिमा, कांद्याची साल सूक्ष्मदर्शकातून, पाण्याचं रॉकेट, बाटलीतला पाणबुड्या, खिळ्यांच्या पाटावरचा फुगा, लिंबावर चालणारा दिवा, भोवरे, पेरिस्कोप आणि 'चमत्कारामागचं विज्ञान' (आपोआप पेटणारा होम).

विचारायचं ते असं :
१) एवढी गर्दी चौदा टेबलांवर कशी फिरवावी?
२) यातलं ऐनवेळी काय फसतं?
३) सामान किती आणावं? 'अंदाजे' नको, आकडा हवा.

---

तारवेटोळं

चौदा टेबलं आणि २४ माणसं म्हणजे टेबलामागे दोनही पुरते येत नाहीत. मग दारावर कोण, पाण्यावर कोण, संपलेलं सामान आणायला कोण? शिवाय टेबलामागे उभा राहून स्वयंसेवक प्रयोग करतो आणि समोरची चाळीस मुलं टाचा उंचावून बघतात, हे प्रदर्शन झालं. जत्रेत मुलाच्या हातात वस्तू गेली पाहिजे. त्यामुळे प्रयोग मोजू नका, हात आणि मिनिटं मोजा.

तुमच्या आकड्यांत हिशोब असा बसतो. दोन सत्रं : ९:०० ते १०:५५ आणि ११:३० ते १:२५. सत्राला २२५ मुलं, पाच गट, गटात ४५. पाच खोल्या, खोलीत एकच प्रयोग, २० मिनिटं आणि मध्ये ३ मिनिटं बदलीची. एकूण ११२ मिनिटं. खोलीला चार स्वयंसेवक, म्हणजे एकामागे अकरा-बारा मुलं. वीस जण खोल्यांत गेले. उरलेल्या चौघांत एक घंटा आणि दार, एक सामान, एक पाणी आणि प्रथमोपचार, एक पूर्ण मोकळा. हा मोकळा माणूस फोटोला जुंपू नका, तासाभरात त्याची गरज लागते.

घंटा खरोखरची, शाळेचीच वापरा. मोबाइलवरच्या वेळेवर सोडलं तर पाच खोल्यांची पाच घड्याळं होतात आणि दुसऱ्या बदलीलाच व्हरांड्यात दोन गट एकमेकांत मिसळतात. गटाला रंगीत फीत बांधा. शाळेप्रमाणे गट करू नका, इयत्तेप्रमाणे करा. चौथीची आणि आठवीची मुलं एका खोलीत बसली की स्वयंसेवकाला दोघांशीही बोलता येत नाही.

आता मोटर, म्हणजे सेलला लावलेल्या दोन सेफ्टी पिनांवर टेकून चुंबकावर फिरणारं तारेचं वेटोळं. सगळ्यांत जास्त फसते ती हीच आणि चालली की सगळ्यांत जास्त आनंदही हीच देते, म्हणून सविस्तर.

तार : २४ गेजची सुपर इनॅमल (वीज न जाऊ देणारा लेप चढवलेली) तांब्याची तार, मोटर वाइंडिंगवाल्याकडे किलोवर मिळते. मोठ्या सेलवर (टॉर्चमधला जाडा, डी आकाराचा) दहा वेढे घेतले की साधारण १०५ सेंमी जातात, दोन्ही बाजूंना सात-सात सेंमी टोकं सोडायची. म्हणजे तुकडा १२० सेंमीचा. जोडीला एक तुकडा धरला तर २२५, वाया जाणारे धरून २५० तुकडे, म्हणजे ३०० मीटर. २४ गेजची तार मीटरला सव्वादोन ग्रॅमच्या आसपास भरते, तेव्हा पाऊण किलो आणा. तुकडे आदल्या दिवशी कापून ठेवा. रीळ खोलीत नेलं की गुंता झालाच म्हणून समजा.

वेढे घेऊन झाले की प्रत्येक टोक वेटोळ्याभोवती दोनदा आवळून घ्यायचं, नाहीतर सुटतं. दोन्ही टोकं बरोबर समोरासमोर, एका रेषेत. टोकं वाकडी असतील तर वेटोळं उड्या मारतं आणि पिनेतून निसटतं.

खरवडणं : एक टोक चोहोबाजूंनी, पॉलिश पेपरने, लालसर तांबं चमकेपर्यंत. दुसरं टोक फक्त अर्ध्या बाजूने. इथे बहुतेकांची चूक होते. वेटोळं उभं धरायचं आणि त्या टोकाची फक्त वरची अर्धी बाजू खरवडायची. आडवं ठेवून खरवडलं तर वीज नेमकी चुकीच्या अर्ध्या फेरीत वाहते : फेरीच्या एका भागात ढकलणं आणि लगेच उलटं ढकलणं, बेरीज शून्य. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर वेटोळं थरथरतं, डोलतं, फिरत नाही. दोन्ही अर्धी खरवडली तर कधी चालतं, कधी नाही; मुलाला वाटतं आपलंच काही चुकलं.

स्टँड : सेलच्या दोन टोकांना दोन मोठ्या सेफ्टी पिना, सायकलच्या ट्यूबची रिंग कापून तिने घट्ट आवळलेल्या. सेलवर मधोमध चकती चुंबक. स्टँड मुलांना देऊ नका, खोलीत पंधरा स्टँड कायमचे मांडून ठेवा. वेटोळं मुलाचं, स्टँड खोलीचा. वेटोळं घरी जातं.

अशा वेटोळ्याचा रोध ०.१ ओहमहूनही कमी असतो. म्हणजे ते फिरत नसताना पिनांवर पडून राहिलं तर सेलच्या दृष्टीने तो सरळ शॉर्ट सर्किटच आहे. सेल तापतो, पिना तापतात, दहा मिनिटांत सेल मरतो. 'फिरत नसेल तर उचला' हे खडूने फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहा. साधे झिंक-कार्बन सेल आणा, अल्कलाइन नको (जास्त प्रवाह देतात, जास्त तापतात) आणि पॉवर बँकमधले लिथियम सेल तर अजिबात नको. दर तीन गटांनंतर सेल बदलायचा धरला तर १५ स्टँडना ६० सेल लागतील.

सुरुवातीला बोटाने हलकी टिचकी द्यावी लागते, ती न देता 'चालत नाही' म्हणणारे दर गटात चार तरी असतात. चौथीच्या गटासाठी खरवडलेली वेटोळी तयार ठेवा. वीस मिनिटांत त्या वयाच्या बोटांना ते जमत नाही आणि जमावं असा हट्टही नको.

---

निवळी

मोटरचं झालं, मी वाटी-चमच्याच्या रसायनांचं लिहिते.

ज्वालामुखी काढून टाका. फेस आला, संपलं, टेबल चिकट झालं, मूल पुढे गेलं. तेच सामान वापरून बाटलीवर फुगा फुगवा, त्यात मोजायला आणि विचारायला काहीतरी आहे. पाण्याची अर्धा लिटरची बाटली, फुग्यात एक सपाट चमचा (५ ग्रॅम) खायचा सोडा, बाटलीत आम्ल. फुगा तोंडावर चढवायचा, मग उभा करायचा म्हणजे सोडा आत पडतो.

व्हिनेगर लागतं साधारण ८० मिली जोडीला. २२५ जोड्यांना १८ लिटर! त्यापेक्षा किराणा दुकानातलं लिंबूसत घ्या : लिटरभर पाण्यात ६० ग्रॅम, बाटलीत ७० मिली. सगळ्या जत्रेला एक किलो लिंबूसत आणि सव्वा किलो सोडा पुरतो (थोडा जास्तच आणा). एवढ्यात सव्वा लिटरच्या आसपास वायू तयार होतो, फुगा नारळाएवढा होतो.

फसतं कुठे :
– सोड्याऐवजी बेकिंग पावडर आणली जाते. तिच्यात सोडा थोडाच, बाकी पीठ आणि आम्ल. फुगा मलूल राहतो.
– फुग्याच्या मानेत ओलसर सोडा अडकतो. गाळणं (फनेल) कोरडं हवं. एका खोलीत चार तरी ठेवा.
– मूल फुगा धरतं, बाटली धरत नाही, आणि फुगा सुटून तोंडावर फवारा येतो. एकाने बाटली धरायची, दुसऱ्याने फुग्याची मान. डोळ्यात गेलं तर भरपूर साध्या पाण्याने धुवायचं. त्यासाठी पिंप खोलीच्या दाराशीच हवं, मैदानाच्या टोकाला नको.
– नवा फुगा आधी ताणायला तोंडाने फुगवू देऊ नका. एकच फुगा तीन मुलांच्या तोंडी जातो. हातपंप ठेवा.

फुगे फुगल्यावर एक साध्या हवेने तेवढाच फुगवलेला फुगा घ्या आणि दोन्ही एकदम, एका उंचीवरून सोडायला सांगा. कार्बन डायऑक्साइडचा आधी खाली पोचतो. हा वायू हवेच्या दीडपट जड आहे, पण हे तुम्ही सांगायचं नाही. सोडण्याआधी 'कुठला आधी पडेल?' एवढंच विचारा आणि हात वर करायला लावा. उत्तर आधी सांगितलं की मुलं फुग्याकडे बघतच नाहीत, तुमच्या तोंडाकडे बघतात.

हळद आणि जास्वंद या दोन वेगळ्या टेबलांची गरज नाही, एकाच खोलीत चालवा, एकाचं उणं दुसऱ्याने भरतं. हळद आम्लात पिवळीच राहते. लिंबू टाकून 'बघा' म्हटलं की मुलं गोंधळतात, कारण बघण्यासारखं काही होतच नाही. जास्वंद आम्लात लाल-गुलाबी आणि अल्कलीत हिरवट होते.

हळदीच्या पट्ट्या : हळद पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटमध्ये, ५० मिलीला एक चमचा. गाळून कागद बुडवायचा, सावलीत वाळवायचा. हे काम आदल्या दिवशी, मोठ्या माणसांनी, जवळ गॅस-उदबत्ती काही नसताना. ए-फोर कागदातून दीड बाय सात सेंमीच्या ५६ पट्ट्या निघतात. मुलामागे दोन धरल्या तर १७ कागद. कागद मात्र झेरॉक्सचा नको. त्यात चुनखडी मिसळलेली असते, जास्वंदीचा रंग त्यावर आधीच निळसर पडतो आणि मग आम्ल-अल्कलीचा फरक धूसर होतो. फिल्टर पेपर महाग वाटला तर कोरा न्यूजप्रिंट घ्या.

अल्कली म्हणून खायचा सोडा घेऊ नका, हळद त्यात नीट लाल होत नाही. धुण्याचा सोडा, पेलाभर पाण्यात छोटा चमचा, एवढं पुरे. चुन्याची निवळी उत्तम चालते, पण चुन्याची डबी किंवा पुडी मुलांच्या हाती कधीच नको. चुना डोळ्यात उडाला तर बुबुळ भाजतं. निवळी स्वयंसेवकाने थेंबाथेंबाने द्यावी.

मुलांना आवडेल असं एक : हळदीच्या पट्टीवर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या काडीने नाव लिहायचं. लाल उमटतं. लिंबू लावलं की पुसलं जातं. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो हे त्यांना घरी दिसलेलं असतं, ते स्वतःच सांगतात.

---

उनाडमास्तर

पाच खोल्या आणि घंटा म्हणजे तासिकाच की हो. शाळेतून सुटून पोरं परत वर्गात! चौथी-पाचवीला ठीक आहे. सातवी-आठवीला मोकळं फिरू द्यावं, आवडेल तिथे अर्धा तास रेंगाळू द्यावं, नको तिथे वळूही नये. जत्रेची खरी मजा तीच.

---

तारवेटोळं

@उनाडमास्तर, मोकळं फिरणं मलाही आवडतं, पण ते गर्दी कमी असताना. २२५ मुलं मोकळी सोडली की १५० जण रॉकेटपाशी आणि मोटरच्या खोलीत चेंगराचेंगरी, हळदीपाशी दोघं. शिवाय मोकळ्या जत्रेत धीट मुलगे सामान पकडतात आणि मुली मागच्या रांगेत राहतात. गटात, जोडीला एक संच आणि मुलींच्या जोड्या मुलींच्या, असं केलं की तो प्रश्न बराच सुटतो. मधला मार्ग : आठवीच्या दोन गटांना शेवटची २० मिनिटं मोकळी द्या, मांडवात भोवरे, पेरिस्कोप, पाणबुड्या ठेवून. ही तिन्ही खेळणी स्वयंसेवकाशिवाय चालतात.

---

कवडसा

सूर्याच्या प्रतिमेबद्दल. चांगला निवडला आहे, खर्च जवळपास शून्य.

छोटा सपाट आरसा, त्यावर काळा कागद, कागदात १ सेंमीचं भोक. आरसा वाळू भरलेल्या प्लास्टिकच्या चेंडूवर चिकटवायचा आणि चेंडू चिकटपट्टीच्या रिकाम्या रिंगवर ठेवायचा, म्हणजे हवा तसा वळवून सोडता येतो, हलत नाही. आरसा उन्हात, पडदा २० मीटर दूर अंधाऱ्या खोलीतली भिंत. प्रतिमेचा व्यास अंतराच्या १०७व्या हिश्शाएवढा येतो : २० मीटरवर १८-१९ सेंमी. दहा मीटरवर नऊ. मुलांना पट्टीने मोजायला लावा. आठवीची मुलं यावरून सूर्याचा व्यासही काढू शकतात, अंतर १५ कोटी किमी सांगितलं की.

भोक चौकोनी किंवा त्रिकोणी कापा. आरशापासून हातभर अंतरावर कागद धरला की त्रिकोण दिसतो, दूर भिंतीवर मात्र गोल. 'त्रिकोणी भोकातून गोल कवडसा का?' हा एक प्रश्न वीस मिनिटं पुरतो. झाडाखालचे कवडसे दाखवून सुरुवात करा.

अडचणी तीन. पृथ्वीच्या फिरण्यामुळे प्रतिमा दोन मिनिटांत स्वतःच्या व्यासाइतकी सरकते, म्हणून आरशापाशी एक स्वयंसेवक कायम हवा. तोच दुसरी काळजीही घेतो : कुणीही त्या झोतात उभं राहून आरशाकडे बघायचं नाही. तिसरी म्हणजे खोली पुरेशी अंधारी नसते. खिडक्यांना वर्तमानपत्र दुहेरी लावा, दाराला सतरंजी. सौरडाग दिसतील असं मुलांना आधी सांगू नका, एवढ्या मोठ्या भोकातून फार मोठा डाग असेल तरच जाणवतो. दोन्ही सत्रांत ऊन कुठे असेल ते आदल्या दिवशी त्याच वेळी जागेवर जाऊन बघा. सकाळी निवडलेली जागा बारा वाजता मांडवाच्या सावलीत गेलेली असते.

दुसऱ्या सत्रात मैदानात एक मीटरची काठी ओळंब्याने उभी करा. पुण्याच्या आसपास २८ फेब्रुवारीला सूर्य मध्यान्ही येतो १२:४७च्या सुमाराला, १२:०० ला नाही, आणि तेव्हा सावली अर्ध्या मीटरच्या आसपास असते. मुलांना दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवू द्या. सर्वांत छोटी सावली बाराला का पडली नाही, हे शिक्षकही विचारतील. कुणी 'शून्य सावली दाखवू' म्हणेल, तर ती आपल्याकडे मे महिन्याआधी नाही.

सूक्ष्मदर्शक गटात ठेवू नका. एका मुलाला एक मिनिट धरलं तरी तासाला साठच. मांडवात ठेवा, आणि त्याचा आरसा चुकूनही उन्हाकडे वळवू नका. टॉर्चपुढे बटर पेपर लावून तो उजेड घ्या.

---

मांडवपरवाना

खूप उपयोगी. पाच खोल्या नक्की : मोटर, फुगा-सोडा, हळद-जास्वंद, कवडसा आणि पाचवी स्थिर वीज. दोन गोष्टी अजून. स्थिर विजेत काय फसतं? आणि होम व रॉकेट कॉलेजच्या मुलांना सोडवत नाही.

---

निवळी

स्थिर वीज : फुगा केसांवर घासायचा आणि आपल्याकडे मुलांच्या डोक्याला तेल! चालत नाही, आणि एकदा तेल लागलेला फुगा नंतर कशावरही घासला तरी चालत नाही. लोकरीचा तुकडा किंवा जुना स्वेटर आणा, खोलीला पंधरा तुकडे. प्लास्टिकच्या स्ट्रॉ कोरड्या टिश्यू पेपरवर घासल्या की आणखी सोपं. फेब्रुवारीत घाटावर हवा कोरडी असते, त्यामुळे तुमचं जमेल. कोकणात हेच सकाळी नऊला रडतं. घामट हात पुसायला लावा.

होम काढा. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन पडलं की पेट कधी घेईल ते दाण्याच्या बारीकपणावर आणि तापमानावर अवलंबून असतं. भुकटी बारीक असली की लगेच, दाणे मोठे किंवा ग्लिसरीन गार असलं की बराच वेळ काहीच नाही. धोका त्या 'काहीच नाही'मध्ये आहे : पोरगं वाकून बघतं आणि तेव्हाच भडका उडतो. शिवाय घरी जाऊन करून बघण्याजोगं सामान औषधाच्या दुकानात मिळतं. चमत्काराचं विज्ञान दाखवायचंच असेल तर हळद-चुन्याचं कुंकू पुरेसं आहे.

---

तारवेटोळं

रॉकेट सत्राच्या शेवटी, सगळ्यांसाठी एकदाच, मैदानात. बाटली सोडा-कोल्ड्रिंकचीच, साध्या पाण्याची बाटली दाबासाठी बनवलेली नसते. सव्वा लिटरच्या बाटलीत ४०० मिली पाणी, म्हणजे तिसरा हिस्सा. पाणी जास्त झालं तर हवेला जागा नाही, कमी झालं तर ढकलायला वजन नाही. तोंडाचा आतला व्यास साधारण २२ मिमी, त्यात घट्ट बसणारं रबरी बूच, बुचातून सायकल ट्यूबचा वॉल्व्ह ओवलेला. पंपाला पाच मीटर जादा नळी.

बूच किती खोल दाबलं त्यावर किती दाबाला सुटणार ते ठरतं. फार खोल दाबलं तर सुटतच नाही, आणि तेव्हा कुणीतरी 'बघतो काय झालं' म्हणून पुढे जातो. बारा-पंधरा दट्ट्यांत सुटलं नाही तर पंप थांबवायचा, पंपाकडच्या टोकाने हवा सोडायची, मगच जवळ जायचं. त्यासाठी वॉल्व्हमधली झडप आधीच काढून टाका आणि नळीच्या पंपाकडच्या टोकाला झडप आणि सोडायची चावी ठेवा, नाहीतर हवा मागे येतच नाही. दाबमापक असलेला पंप मिळाला तर ४ बारच्या (६० पीएसआय) वर जाऊ नका. मुलं दोरीमागे, १० मीटरवर. चरा पडलेली किंवा चार-पाचदा उडवलेली बाटली टाकून द्या.

आणि रंगीत तालीम. आदल्या दिवशी संध्याकाळी दोन तास, प्रत्येक स्वयंसेवकाने आपला प्रयोग तीनदा करायचा : एकदा नीट, एकदा मुद्दाम चुकवून, एकदा दुसऱ्या स्वयंसेवकाला मूल समजून तोंडाने उत्तर न देता. तिसरं सगळ्यांना जड जातं.

---

उनाडमास्तर

एक राहिलं. तारीख पक्की करण्याआधी शाळा दहावी-बारावीच्या परीक्षेचं केंद्र आहे का ते मुख्याध्यापकांना विचारा. असेल तर २८ला वर्ग मिळणार नाहीत. आणि तुम्ही जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात असाल तर खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीचा खुला दिवस याच सुमारास असतो, तिथे शाळांचे प्रकल्प मांडलेले असतात. तुमच्या सातातल्या दोन शाळा तिकडे गेल्या असतील. अलीकडचा किंवा पलीकडचा शनिवार धरा, २८ तारखेला हटून बसू नका.

---

मांडवपरवाना

केंद्र आहे. आत्ताच विचारलं. ७ मार्चच्या आसपासचा रविवार बघतो आहे.

---

कवडसा

मग काठीची मध्यान्ह १२:४५ धरा, आणि सावली काही सेंमी आखूड.